मांडव्याची फेरी आणि दीडशेची जोडी : वेगवान बोटीच्या इंजिननिवडीचे एक प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मध्ये अलिबाग तालुक्यातील दोन भाऊ माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आले. त्यांनी सव्वीस फुटी, उघड्या डेकची, खोल व्ही तळाची वेगवान बोट ठरवली होती. बोटीचा साचा पक्का होता आणि रंगसुद्धा ठरला होता. मागच्या फळीवर तीनशे अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेले इंजिन, बसवायचे की दीडशेची जोडी, एवढेच ठरत नव्हते. थोरल्यांना जोडी हवी होती, धाकट्यांना एकच मोठे इंजिन हवे होते, आणि दोघांमध्ये सहा महिने हा वाद चालला होता. मी बोटींची इंजिने बसवण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. या वेळी मात्र एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटी, एक तीनशेची आणि एक दीडशेच्या जोडीची, एकाच दिवशी चाचणीसाठी मिळाल्या. एरवी अंदाजाने सांगाव्या लागणाऱ्या गोष्टी त्यामुळे मोजून सांगता आल्या. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

गरज काय होती

कुटुंबाचे घर मांडव्यापासून जवळ आहे आणि व्यवसाय दक्षिण मुंबईत. गेटवे ते मांडवा हे अंतर सरळ रेषेत सात-आठ सागरी मैल भरते. प्रवासी लाँचला त्यासाठी साधारण तासभर लागतो आणि पंचवीस नॉटने (तासाला पंचवीस सागरी मैल) जाणारी बोट वीस मिनिटांत पोहोचते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, त्यामुळे बोटीचा हंगाम मोटामोटी ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. बोटीत बहुतेक वेळा सहा माणसे असणार होती, त्यांत बहात्तर वर्षांच्या आई आणि दोन शाळकरी मुले. थोरल्या भावाचा सगळा युक्तिवाद या तिघांवर उभा होता. "आई बोटीत असताना इंजिन बंद पडलं आणि आम्ही तिथेच तरंगत राहिलो, तर मी स्वतःला काय सांगू?" असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले. हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारण्यासारखा मला तेव्हाही वाटला नाही आणि आजही वाटत नाही.

धाकट्या भावाची बाजूही पोकळ नव्हती. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली होती. ती त्यांनी कठड्यावर उभे राहून पाहिली होती. त्या बोटी एकाच आउटबोर्डवर धावत होत्या आणि वळणांवर पाणी कापत जाताना कुठेही दुबळ्या वाटत नव्हत्या. वेगवान बोटीला दोन इंजिने लागतातच असे नाही, हे त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. मात्र शर्यतीच्या बोटीभोवती बचाव नौका सतत फिरत असतात, आणि संध्याकाळी सहा वाजता गेटवेहून निघालेल्या घरच्या बोटीभोवती कोणी नसते. तुलना करताना एवढा फरक धरावा लागतो, आणि तो मी त्यांना सांगितला.

त्यांच्याकडे आधीची एक लहान बोट होती आणि तिची नोंदवही त्यांनी नीट ठेवली होती. मी ती मागून घेतली. आधीच्या हंगामात ४६ फेऱ्या झाल्या होत्या. त्यांतल्या ४३ गेटवे-मांडवा अशा होत्या, दोन खांदेरीपर्यंतच्या आणि एकच मुरूडची. बोलताना मात्र दोघेही भाऊ मुरूड-जंजिऱ्याच्या सफरीबद्दलच अधिक बोलत होते. माणूस बोट घेतो ती क्वचित होणाऱ्या लांबच्या सफरीच्या ओढीने आणि वापरतो ती रोजच्या फेरीसाठी. या प्रकरणाचा निकाल पुढे जो लागला, त्याचे अर्धे श्रेय त्या नोंदवहीला आहे.

वजनाचा हिशेब

लोकांच्या मनात दीडशेची जोडी म्हणजे तीनशेच, असे समीकरण असते. अश्वशक्तीपुरते ते खरे आहे, वजनाला आणि पाण्यातल्या रोधाला ते लागू पडत नाही. आजचे तीनशे अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण २४० ते २७० किलोचे असते. दीडशेचे एकेक इंजिन २०५ ते २३५ किलोच्या घरात जाते, म्हणजे जोडीचे वजन सव्वाचारशे-साडेचारशे किलोपर्यंत पोहोचते. हा पावणेदोनशे-दोनशे किलोचा जादा भार बोटीच्या अगदी शेवटच्या टोकावर, मागच्या फळीवर येतो. जादा बॅटरी, तिची वायर, दुसरे कंट्रोल आणि दुसरी स्टीअरिंग जोडणी यांचे वजन वेगळेच. शिवाय पाण्यात एका गिअरकेसऐवजी (पंखा बसवलेला, पाण्यात बुडालेला इंजिनाचा पाय) दोन गिअरकेस ओढल्या जातात. पस्तीस नॉटच्या आसपास पाणी दगडासारखे घट्ट होते आणि हा दुसरा पाय तिथे आपली किंमत वसूल करतो.

खोल व्ही तळाच्या बोटीत आणखी एक बारकावा आहे. मध्यरेषेवर बसलेल्या एकट्या इंजिनाचा पंखा तळाच्या सर्वांत खोल भागामागे, शांत आणि भरीव पाण्यात फिरतो. जोडीतली इंजिने मध्यापासून एकेक फुटापेक्षा थोडी जास्त बाजूला सरकलेली असतात, आणि व्ही आकारामुळे तिथला तळ वर चढलेला असतो. दुपारी वायव्येचा वारा सुटला आणि तिरप्या लाटांवर बोट जोरात वळवली, की बाहेरच्या बाजूचा पंखा हवा खेचतो आणि इंजिन एकदम किंचाळते. एकट्या इंजिनाला हा त्रास कमी होतो.

जोडीच्या बाजूनेही खऱ्या गोष्टी आहेत आणि त्या मी दोघांसमोर तितक्याच स्पष्टपणे मांडल्या. जोडीतले पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे घेतले, तर स्टीअरिंग एका बाजूला ओढण्याची एकट्या मोठ्या इंजिनाची खोड उरत नाही. जेट्टीला लागताना एक इंजिन पुढे आणि एक मागे टाकले, की बोट जागच्या जागी फिरते. मांडव्याच्या जेट्टीवर लाँचची गर्दी असताना, ओहोटीची ओढ बाजूने येत असताना आणि वृद्ध माणसाला उतरवायचे असताना या सोयीची किंमत कळते. ज्यांनी एका इंजिनावर तिथे दोनदा चुकून तिसऱ्यांदा बोट लावली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मार्चमधली सकाळ

चाचणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात घेतली. मतलई वारा पडत आला होता, पाणी आरशासारखे नसले तरी सपाट होते, आणि भांगाची (भरती-ओहोटीत फरक कमी असणारी) भरती असल्यामुळे ओढ फार नव्हती. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी दोन-तीन नॉटने वाहते. अशा दिवशी घेतलेल्या वेगाच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून दिवस निवडूनच घेतला होता. प्रत्येक मोजणी जाताना आणि येताना अशी दोनदा घेतली आणि तिची सरासरी धरली. बोटीत दोघे भाऊ, त्यांच्या ओळखीचे एक अनुभवी तांडेल (बोट चालवणारे) आणि मी असे चौघे होतो. सहा माणसे आणि त्यांचे सामान एवढा भार व्हावा म्हणून वीस लिटरचे दहा कॅन पाण्याने भरून घेतले होते. टाकीत चारशे लिटर पेट्रोल होते. या भारासह जोडीची बोट सुमारे ३,२८० किलोची आणि एकट्या इंजिनाची सुमारे ३,०९० किलोची भरत होती.

एकट्या तीनशेच्या बोटीने पूर्ण वेगात ३६ नॉट गाठले, जोडीच्या बोटीने ३४. पंचवीस नॉटच्या सोयीच्या वेगाला पहिलीने तासाला सुमारे ४६ लिटर पेट्रोल घेतले, दुसरीने ५३. जोडीच्या बोटीचा मागचा भाग पाण्यात जास्त बसत होता. थांबलेल्या स्थितीतून पाण्यावर उठायला, म्हणजे तळ वर येऊन पृष्ठभागावरून घसरायला, दोघींना जवळपास सारखाच वेळ लागला, कारण दोन लहान पंख्यांची पकड सुरुवातीला चांगली असते आणि ती जादा वजनाची भरपाई करते. एवढे सगळे अपेक्षेप्रमाणेच झाले. हे आकडे लिहून घेताना धाकटे भाऊ खुशीत होते आणि थोरले गप्प होते.

त्यानंतर आम्ही जोडीच्या बोटीतले डावे इंजिन बंद केले. ज्या प्रसंगासाठी जोडी घ्यायची, तो प्रसंग खरोखर घडवून पाहिल्याशिवाय जोडीबद्दल मत देणे मला पटत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की शंभरातले नव्वद खरेदीदार ही चाचणी कधी घेतच नाहीत. बंद इंजिनाचा पाय पाण्यातच ठेवून उजव्या इंजिनाचे थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलले. बोटीचे नाक वर आले, मागे पाण्याचा डोंगर उभा राहिला आणि वेग सातच्या पुढे जाईना. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ३,४०० वर अडकला, जिथे या इंजिनाने मोकळेपणी ५,००० च्या वर जायला हवे. मग बंद इंजिन पूर्ण वर उचलले. वेग आठ नॉट झाला. मग कॅनमधले पाणी समुद्रात ओतले आणि दोघे भाऊ नाळेपाशी, बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसले, म्हणजे मागचा भार हलका व्हावा. काटा ३,७०० वर आणि वेग साडेनऊवर गेला. बोट काही पाण्यावर उठली नाही. स्टीअरिंग सतत एका बाजूला दाबून धरावे लागत होते आणि तांडेलांच्या मनगटावर शिरा दिसत होत्या. पंधरा मिनिटांनी आम्ही तो प्रयत्न सोडला.

वेगवान बोट पाण्यावर उठण्याआधी स्वतःच निर्माण केलेल्या लाटेवर चढत असते. हा चढ पार करायला सर्वांत जास्त जोर लागतो. तो पार झाला की रोध काहीसा उतरतो आणि बोट सुटते. सहा माणसांची, पेट्रोलने भरलेली बोट हा चढ चढायची असेल, तर एका अश्वशक्तीमागे साधारण १८ किलोपेक्षा जास्त वजन असू नये, असा कामाचा अंदाज आम्ही वापरतो. दोन्ही इंजिने चालू असताना या बोटीत एका अश्वशक्तीमागे ११ किलो येत होते. एक बंद पडताच ते २२ झाले. तेवढ्यावर हे थांबत नाही. पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात किती पुढे सरकतो ते माप, दोन इंजिनांच्या वेगाला जुळवून ठरवलेली असते. या बोटीला ती १७ इंच होती. एकट्या इंजिनाला तो पंखा चढावर चौथ्या गिअरमध्ये ढकललेल्या गाडीसारखा जड जातो, आरपीएम चढत नाहीत, आणि आरपीएम चढले नाहीत की दीडशे अश्वशक्ती कागदावरच राहते. १४ इंची पंखे लावले तर हलकी बोट कदाचित एका इंजिनावर उठेल, पण मग रोज दोन्ही इंजिने चालताना ती आरपीएमची मर्यादा ओलांडतील आणि वेगही जाईल. वर्षातल्या एका दिवसासाठी बाकीच्या सगळ्या दिवसांचा पंखा चुकीचा लावायला कोणी तयार होत नाही.

थोरल्या भावांच्या मनात जोडीचे जे चित्र होते, त्यात एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर बोट थोड्या कमी वेगाने घरी येत होती. प्रत्यक्षात ती सात-आठ नॉटने, नाक वर करून, रांगत येणार होती. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि काही वेळ ते काहीच बोलले नाहीत.

एकाच डोणीतले पाणी

परत आल्यावर मी जोडीच्या बोटीचे मागचे झाकण उघडले. आत पेट्रोलची एकच टाकी होती, तिच्यातून निघालेली एकच नळी एका गाळणीत जात होती, आणि गाळणीनंतर टी-जोड लावून ती दोन इंजिनांना फुटत होती. तांडेल माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "साहेब, बैल दोन, पण पाणी एकाच डोणीतलं," ते म्हणाले. गेली काही वर्षे मी ग्राहकांना अर्धा तास घेऊन जे समजावतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

मी हे पूर्वी भोगलेले आहे. एका ओळखीच्या जोडीच्या बोटीतून आम्ही मांडव्याहून परतत होतो. सन्क रॉकचे दीपगृह दिसू लागले होते. उजवे इंजिन अडखळले, बंद पडले, आणि पुरती तीन मिनिटेही झाली नसतील तोच डावेही तसेच अडखळून थांबले. बोट ओहोटीबरोबर बाहेर वाहू लागली. एका मासेमारी बोटीने दोर टाकून आम्हाला आणले. धक्क्यावर आल्यावर गाळणीतले पेट्रोल मी जॅमच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि ती उन्हात कठड्यावर ठेवली. दहा मिनिटांत बाटलीत दोन थर झाले. वर पिवळसर, स्वच्छ पेट्रोल, आणि खाली दोन बोटे जाडीचा धुरकट पाण्यासारखा थर, त्यात गंजाचे तपकिरी कण सावकाश तळाला बसत होते. ती बाटली पुष्कळ दिवस माझ्या टेबलावर होती.

आता ही शक्यता पूर्वीपेक्षा वाढली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोहोचले. आउटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच शिफारस करतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. समुद्रावरची दमट हवा, अर्धी भरलेली टाकी आणि पावसाळ्यातले चार महिने बंद पडलेली बोट अशी स्थिती आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी, नेमके जिथून नळी पेट्रोल उचलते तिथेच, साचतात. आमच्याकडे पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये भरून येते, त्यामुळे कॅन नीट कोरडा केला नाही तर त्यातली भर वेगळी. अशा पेट्रोलापुढे दोन इंजिने असली काय आणि चार असली काय, सगळी एकाच वेळी थांबतात.

दोन स्वतंत्र टाक्या, दोन स्वतंत्र पाणी-विलगक गाळण्या, दोन स्वतंत्र बॅटऱ्या आणि त्यांच्यात फक्त अडचणीच्या वेळी उघडायचा एक व्हॉल्व्ह, अशी रचना असेल तरच जोडीला जोडी म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. या साच्यात दुसऱ्या टाकीला जागा करायची, तर डेक कापावा लागणार होता.

बंदरात इंजिन का थांबते, याची कारणेही पाहावी लागतात. वेगवान बोटींच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत इंजिनाच्या पोटातला बिघाड फार थोड्या वेळा निघतो. प्लास्टिकची पिशवी पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटते, मागे पडणारी पाण्याची धार बारीक होते, भोंगा वाजतो आणि इंजिन तापते. डोल जाळ्याचा दोर किंवा तुटलेल्या जाळ्याचा तुकडा पंख्याला गुंडाळतो. बॅटरी उतरते. पेट्रोलात पाणी येते. यांतल्या पिशवीच्या आणि जाळ्याच्या प्रसंगांत जोडीचा फायदा नक्की होतो, कारण दोन्ही पंख्यांना एकाच वेळी जाळे लागेलच असे नाही. बॅटरी आणि पेट्रोल यांच्या बाबतीत तो फायदा रचनेवर अवलंबून राहतो.

तिसरा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

पुढच्या बैठकीत मी दोन पर्याय मांडले. दोघांनीही ते आधी विचारात घेतले नव्हते. पहिला, दोनशेची जोडी. या साच्याची मागची फळी चारशे अश्वशक्तीपर्यंत मान्यताप्राप्त होती. दोनशेच्या एका इंजिनावर एका अश्वशक्तीमागे साधारण १७ किलो येतात, म्हणजे योग्य पंखा निवडला तर एकावरही बोट पाण्यावर उठण्याची खरी शक्यता होती, अर्थात ती चाचणीत सिद्ध करूनच घ्यावी लागली असती. सोबत दोन स्वतंत्र टाक्या. ही खऱ्या अर्थाने सुरक्षित जोडी झाली असती. तिचा खर्च त्यांच्या ठरलेल्या रकमेच्या बराच वर जात होता, आणि दर शंभर तासांची देखभाल, इम्पेलर (थंडाव्याचे पाणी खेचणारे चक्र), गिअर ऑइल आणि गंज रोखणारे झिंकचे तुकडे सगळे कायम दुप्पट लागणार होते.

दुसरा पर्याय, तीनशेचे एकच इंजिन आणि त्याच्या बाजूला ब्रॅकेटवर पंधरा अश्वशक्तीचे लांब शाफ्टचे छोटे इंजिन. त्याला स्वतःची बारा लिटरची सुटी टाकी. ते दोरी ओढून सुरू होणारे, म्हणजे बॅटरी मेली तरी चालणारे. त्याच्या टाकीतले पेट्रोल दर पंधरा दिवसांनी बदलायचे आणि जुने गाडीत ओतायचे. हे इंजिन मुख्य इंजिनाशी काहीच वाटून घेत नाही, ना टाकी, ना गाळणी, ना बॅटरी. या पूर्ण वेगळेपणामुळेच मला ते दीडशेच्या जोडीपेक्षा अधिक विश्वासाचे वाटते.

त्याची दुबळी बाजूही मी लपवली नाही. तीन टनांची बोट ते सपाट पाण्यात साडेचार-पाच नॉटने नेते. ओहोटी विरुद्ध असेल तर जमिनीच्या हिशेबाने ती दोन-अडीच नॉट उरते, आणि समोरून वारा असेल तर त्याहून कमी. गेटवे-मांडवा मार्गाच्या मध्यावर इंजिन थांबले, तर किनारा चार मैलांवर असतो. दीडशेच्या जोडीतले उरलेले इंजिन अर्ध्या तासात नेईल, छोटे इंजिन पाऊण-एक तासात. हा फरक सहन होण्यासारखा आहे, कारण त्या पट्ट्यात लाँच आणि मच्छीमार बोटींची ये-जा असते आणि मोबाइल चालतो. मुरूडच्या वाटेवर, कोर्लईच्या बाहेर, पंधरा मैल अंतरावर, दुपारचा वायव्य वारा सुटलेला असताना पंधरा अश्वशक्तीवर विसंबणे मला मान्य नाही. मुरूडची सफर वर्षातून दहा वेळा होणार असती, तर मी दोनशेच्या जोडीखेरीज दुसरे काही सुचवले नसते. नोंदवहीत ती एकदाच होती.

चार दिवसांनी धाकट्यांचा फोन आला. "दादा तयार झाला, पण त्याची अट आहे. मुरूडला जायचं तर दुसरी बोट सोबत असेल तरच, आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी मांडव्यात परत." मला ती अट इंजिनाच्या निवडीइतकीच मोलाची वाटली. मुख्य टाकीच्या नळीवर मी पारदर्शक भांड्याची पाणी-विलगक गाळणी बसवली, म्हणजे रोज सकाळी तळाशी साचलेले पाणी डोळ्यांनी दिसावे. वायरलेस संच, नांगराला चाळीस मीटर दोर आणि प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट घेतले.

पहिला हंगाम

बोट ऑक्टोबर २०२४ मध्ये पाण्यात उतरली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान बोटीची नीलकमल या घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. नौदलाच्या त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. त्या संध्याकाळी थोरल्या भावांचा फोन आला. आपण इतके दिवस इंजिन बंद पडण्याचीच भीती धरून बसलो, ते ऐकेनासे झाले तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या बोटीला थ्रॉटलजवळ लाल दोरीची किल-स्विच आहे. चालक जागेवरून फेकला गेला किंवा त्याने दोरी ओढली, की इंजिन त्या क्षणी बंद होते. ही दोरी तोवर बहुतेक वेळा स्टीअरिंगला नुसती लटकत असे. दुसऱ्या दिवसापासून ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलत नाही. आई चढल्यावर आधी तेच विचारतात.

छोटे इंजिन हंगामात दोनदा खऱ्या कामाला आले. जानेवारीत डोल जाळ्याचा दोर मुख्य पंख्याला गुंडाळला गेला. मांडव्याच्या बंधाऱ्यापासून दीड मैल अंतर राहिले होते आणि ते पार करायला पंचवीस मिनिटे लागली. दोर काढल्यावर पंख्यामागे बारीक नायलॉनची तंगूस रुतलेली सापडली. तिने गिअरकेसचे सील कापायला सुरुवात केली होती. ती त्याच दिवशी काढली नसती, तर आठवड्याभरात गिअर ऑइलमध्ये पाणी शिरले असते. दुसऱ्यांदा, मार्चमध्ये, पिशवी चिकटून भोंगा वाजला. मुख्य इंजिन वर उचलून पिशवी काढेपर्यंत, बोट लाँचच्या वाटेत आडवी होऊ नये म्हणून छोटे इंजिन चालू ठेवले. दोन्ही वेळा ते तिसऱ्या ओढीत सुरू झाले, कारण धाकटे भाऊ दर शनिवारी ते पाच मिनिटे चालवतात आणि तशी नोंद करतात.

पाणी-विलगक गाळणीच्या भांड्यात मे महिन्यापर्यंत सात वेळा पाणी दिसले. सातही वेळा ते निघण्यापूर्वी दिसले.

जेट्टीला लागताना मात्र त्रास होतो, आणि मला तो आधीच दिसायला हवा होता. ओहोटीच्या वेळी बोट बाजूने ढकलली जाते आणि एका इंजिनावर ती आवरत नाही. फेब्रुवारीत आई उतरताना बोट अचानक हातभर दूर गेली. खलाशाने त्यांना वेळेवर धरले म्हणून निभावले. पुढच्या हंगामाआधी पुढच्या भागात विजेवर चालणारा आडवा थ्रस्टर (बोटीचे नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) बसवायचे ठरले आहे, आणि त्यासाठी बॅटरी वेगळी असेल, मुख्य इंजिनाची नव्हे. मुरूडची सफर एप्रिलमध्ये एकदा ठरली. सोबतची बोट आली नाही, म्हणून खांदेरीला वळसा घालून ते परत फिरले.